दोन गुंठे घरासाठी



गळिताचा हंगाम ऐन भरात आहे. रस्त्याने रात्रंदिवस उसाची वाहने चालू आहेत. कुणाची तोड आली, कुणाची राहिली, उतारा किती लागला, पहिला हप्ता किती निघणार, याखेरीज पारावर दुसरा विषय नाही. अशा वेळी आम्ही भाजी-भाकरीचे बोलायला निघालो तर काही मंडळी हसतील. हसू द्यावे. संक्रांत तोंडावर आली आहे, सुरू लागणीची राने तयार होत आहेत, आणि हे बोलायचे तर आत्ताच बोलायला हवे. एकदा लागण झाली, सरीला पाणी बसले, की मग वर्षभर बोलून उपयोग नाही.

निमित्त झाले ते गेल्या आठवडे बाजारचे. तिथे आपले एक जुने सभासद भेटले. आठ एकर बागायत, विहिरीला बारमाही पाणी. हातात दोन पिशव्या. एकीत मेथी, वांगी, कोथिंबीर आणि दुसरीत मटकी, शेंगदाणे. आम्ही सहज म्हणालो, "तात्या, एवढी बागायत असून मेथीची पेंडी विकत?" तात्या म्हणाले, "काय करायचं? रानात उसाबिगर हाय काय?" बरोबर काकी होत्या. त्या म्हणाल्या, "कोथिंबिरीची काडीसुदिक इकत आणतो आम्ही. अवचित पाव्हणा आला तर शेजारणीकडं मागाय जावं म्हणलं, तर तिच्याबी रानात ऊसच!"

सगळेच हसलो. पण ज्या बाईकडून मेथी घेतली तिला आम्ही नंतर विचारले, रान किती? ती म्हणाली, "ईस गुंठं. पानी दुसऱ्याच्या हिरीचं." वीस गुंठेवाली बाई आठ एकरवाल्याला भाजी पुरवते, आणि तिच्या स्वतःच्या घरी भाजी विकत येत नाही. पिकते तिथे विकत नाही अशी आपल्याकडे म्हण आहे. आपली गत अशी झाली आहे, की पिकत नाही म्हणून विकत घ्यावे लागते, आणि तेही पिकवण्याजोगे रान दाराशी असताना!

उसाने दिले ते विसरायचे नाही

आम्ही उसाच्या विरुद्ध बोलतो आहोत, असा कुणी समज करून घेऊ नये. उसाने आपल्याला काय दिले ते आपल्या घरांकडे बघून कळते. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले, आणि त्यानंतर कोरडवाहू, कर्जबाजारी शेतकरी आपल्याच कारखान्याचा मालक होऊ शकतो हे महाराष्ट्राला कळले. शाळा, कॉलेजे, दवाखाने, दूधसंघ त्याच्या मागोमाग आले. बाकीच्या पिकांचा भाव व्यापारी ठरवतो; उसाला निदान दराची काही एक हमी आहे. कोथिंबिरीला ती नाही. हे सगळे खरे आहे.

पण आपल्या वडीलधाऱ्यांनीच सांगून ठेवले आहे, ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये. आपण नेमके तेच केले. सातबारा काढून बघा. पिकाच्या रकान्यात ऊस, त्याखाली खोडवा, त्याखाली पुन्हा ऊस. आडसाली लागण असेल तर सोळा ते अठरा महिने रान अडकले. बांध होता तो नांगराने कोरून कोरून वीतभर उरला. पाटाच्या कडेचा आळू गेला, विहिरीजवळचा शेवगा ट्रॉलीला आडवा येतो म्हणून तोडला. रान सगळे हिरवेगार आणि चुलीवर ठेवायला त्यातले काही नाही!

रानातले ताट

ज्यांचे वय आज साठीच्या पुढे आहे त्यांना आठवत असेल, ऊस तेव्हाही होता. पण सरीच्या वरंब्यावर मेथी, कोथिंबीर, मुळा, कांदा असायचा. पाटाच्या कडेने भेंडी-गवारीची ओळ, कोपऱ्यात मिरचीचे वाफे, कुंपणाच्या शेवरीवर दोडका आणि घोसावळे. माळाच्या तुकड्यात बाजरी, तिच्यात तुरीच्या ओळी, मटकी, हुलगा. ज्वारीच्या कडेने करडई. आणि उसात खुरपायला गेलेली बाई संध्याकाळी मोकळ्या हाताने येत नसे. पाथरी, घोळ, तांदुळजा, जे तण म्हणून उपटायचे त्यातलेच निवडून ओट्यात भरून आणायची. रात्री कालवणाची चिंता मिटली.

शिवाय प्रत्येक महिन्याचे खाणे ठरलेले असे. ते कुणी पुस्तकात लिहिले नव्हते, सणावारांत बांधून ठेवले होते. पावसाळा सुरू झाला की रानभाज्या. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, म्हणून परसातले आळू, माठ, भेंडा, दोडका. दिवाळीच्या आगेमागे ओल्या भुईमुगाच्या शेंगा. थंडीत चाकवत, करडईचा पाला, हरभऱ्याचे शेंडे, पावटा, घेवडा, वांगी, मग हुरडा. उन्हाळ्यात रान मोकळे, तेव्हा मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, ज्वारीची आंबील, शेवग्याच्या शेंगा, आणि वाळवून ठेवलेले सांडगे, हरभऱ्याचा पाला, गवारीच्या काचऱ्या. हरभऱ्याचे शेंडे खुडले की झाडाला फुटवा जास्त येतो, म्हणजे खुडलेली भाजी घरात आणि वर घाटेही जादा. असा दुहेरी हिशेब त्या खाण्यात होता.

भोगीची भाजी घ्या. पावटा, ओला हरभरा, घेवडा, वांगी, गाजर, ओले शेंगदाणे. वरून तिळाचा कूट, लसूण आणि घरचा मसाला. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी. यातली एक वस्तू अशी नाही, की जी त्या पंधरवड्यात आपल्या शिवारात होत नाही. थंडीत अंगाला जे हवे तेच ताटात, आणि तेच रानात. आता आपण भोगीची भाजी कशी करतो? आदल्या दिवशी बाजारात जाऊन सगळ्या भाज्या मिसळून बांधलेली पिशवी आणतो. सण होतो. पण त्या सणाचा अर्थ असा होता, की आपल्या रानाने काय दिले ते एका भांड्यात घालून बघावे. तसे बघायला गेलो, तर आज आपल्या भांड्यात नुसती उसाची कांडी दिसेल.

जरा हिशेब करू

भावनेचे बोलणे पुरे. आपण हिशेबाची माणसे आहोत. पाच-सहा माणसांच्या घराला आठवड्याला ४०० रुपयांचे माळवे आणि कडधान्य लागते असे धरा. हा आकडा धरून चाललेला आहे, ज्याने त्याने आपल्या घरचा घालावा. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे २०,८०० रुपये झाले. उसाला टनाला ३,००० रुपये पदरात पडतात असे धरले, तर जवळजवळ सात टन ऊस आपण दरवर्षी भाजीच्या पाटीत घालतो.

आता दुसरी बाजू. एकरी ५० टन उतारा धरला, तर गुंठ्याला सव्वा टन. दोन गुंठे रान उसातून काढले, तर अडीच टन ऊस कमी होईल. म्हणजे ७,५०० रुपये. त्यातून बेणे, खत, पाणी, मजुरी वजा करायची ती वेगळीच. दोन गुंठ्यांत घरची सगळी भाजी होणार नाही. बटाटा, लसूण आणि आणखी काहीबाही बाजारातून आणावे लागेल. म्हणून निम्मीच बचत धरू. तरी १०,४०० रुपये झाले. ७,५०० गेले आणि १०,४०० वाचले. भाजीचे बी आणि मेहनत त्यातून वजा करा, हरकत नाही. पण उसाचा खर्चही तसाच वजा करा.

आणि आणखी एक. उसाचे पैसे वर्षातून दोन-तीन हप्त्यांत येतात. बाजार दर आठवड्याला भरतो. मधल्या काळात घरची बाई भाजीला पैसे मागते, मालक म्हणतो बिल येऊ दे, आणि मग ताटात चटणी-भाकरी, नाहीतर नुसता बटाटा. बागायतदाराच्या घरात हे घडते. आम्ही कुणाचे नाव घेत नाही. आपल्या आपल्या घराकडे बघावे.

घरच्या बायकांची तब्येत

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. आमच्या मते आपल्यासारख्या बागायती भागाने ही गोष्ट मनाला लावून घेतली पाहिजे. रक्तक्षयाला कारणे अनेक असतात आणि दवाखान्याचा इलाज तो दवाखान्यातच करावा. पण रोजच्या ताटात पालेभाजी, कडधान्य, बाजरी असणे हा त्यातला मोठा भाग आहे, हे डॉक्टरही सांगतात. पालेभाजीवर लिंबू पिळले, तर तिच्यातले लोह अंगी जास्त लागते. जेवणावर लगेच चहा घेतला, तर ते कमी लागते. लोखंडाची कढई माळ्यावरून खाली काढली, तर तीही मदत करते. यात खर्चाचे काही नाही.

शेवग्याचा पाला ही तर फुकटची भाजी. कोवळा पाला ओरबाडून घ्यावा, धुऊन चिरावा. मूठभर मुगाची किंवा तुरीची डाळ आधी भिजत घालावी. कढईत तेलावर ठेचलेला लसूण आणि हिरवी मिरची परतून त्यात डाळ, मग पाला, मीठ आणि पाण्याचा हबका. झाकण ठेवून वाफ आणावी. चाकवत असेल तर तो डाळ-शेंगदाण्याबरोबर शिजवून घोटावा, ताकात थोडे बेसन कालवून त्यात ओतावे आणि वरून लसणाची फोडणी द्यावी. आमच्या लहानपणी ताकातला चाकवत असला, की भाकरीचा हिशेब राहत नसे. आज आपल्या मुलांना चाकवत दाखवला तर ती त्याला तण म्हणतील. एकदा का पोरांनी त्याला तण म्हटले, की पुढच्या पिढीत तो संपला.

मंडळी काय म्हणतील

पहिले म्हणणे : "दोन गुंठ्यांत ट्रॅक्टर फिरत नाही." खरे आहे. म्हणून तो तुकडा उसाच्या मधोमध नको. वस्तीजवळ, विहिरीजवळ, वाकड्यातिकड्या कोपऱ्यात, जिथे सरी धड लागत नाही तिथे धरावा. न्हाणीचे पाणी जाते तिथे आळू आणि केळ पूर्वीही होतीच.

दुसरे म्हणणे : "तणनाशक मारावे लागते, मजूर मिळत नाही." हे जास्त गंभीर आहे. टू फोर डीसारखे औषध रुंद पानाच्या वनस्पती मारते, आणि मेथी, पावटा, वांगी, हरभरा ही सगळी रुंद पानाचीच आहेत. पाथरी आणि घोळ आपल्या रानातून जाण्याला हेही एक मोठे कारण आहे. म्हणून घरच्या तुकड्यावर आणि त्याच्या अंगाला तणनाशक घ्यायचे नाही, आणि जिथे फवारा झाला आहे तिथली भाजी खुडायची नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे. दोन गुंठे खुरप्याने होतात.

तिसरे म्हणणे बायकांचे आहे आणि ते आम्हाला सगळ्यात खरे वाटते. एक वहिनी आम्हाला म्हणाल्या, "तुमी लिव्हताय खरं, पर पानी कोन पाजनार? धारा काढायच्या आमी, सैपाक आमी, आन आता ही भाजीबी आमच्याच गळ्यात!" याला उत्तर एकच. दोन गुंठे घरासाठी म्हणजे दोन गुंठे बाईच्या अंगावर, असे होता कामा नये. वाफे पुरुषांनी करायचे, दारे पुरुषांनी धरायचे. उसाला पाणी पाजताना जो माणूस रात्री बारा वाजता उठतो, त्याला दिवसा अर्धा तास दोन वाफ्यांना पाणी देणे जड नाही. आणि त्या तुकड्यातली जास्तीची भाजी विकली, तर ते पैसे घरच्या बाईचे, हेही आधीच ठरवून टाकावे.

चौथे : "बाजारात कोबी मातीमोल होतो तेव्हा पिकवायचे कशाला?" मातीमोल झाला तेव्हा जरूर विकत घ्या, तोही शेतकऱ्याचाच माल आहे. आम्ही कुणाला शपथ घालत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की जे आपल्या रानात सहज येते ते तरी आपले असावे.

आत्ता काय करता येईल

सुरू लागण करताना जोडओळ पट्टा पद्धत धरली, तर दोन पट्ट्यांमध्ये जागा मोकळी सापडते. त्यात मेथी आणि कोथिंबीर महिना-दीड महिन्यात निघते, म्हणजे बाळबांधणीच्या आत रान मोकळे. भुईमूग, काकडी, भेंडी, गवार हीही सुरू उसातली जुनी आंतरपिके आहेत. पूर्वहंगामी लागणीत कांदा, हरभरा, कोबी, गाजर बसते. भुईमूग, हरभरा, चवळी यांच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरतात. त्यांचा पाला आणि मुळे रानात कुजली, की उसालाच त्याचा फायदा. नवीन काही शोधायला नको. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रापासून आपल्या गट ऑफिसपर्यंत सगळीकडे हे सांगितले जाते. आपण ऐकतो, मान हलवतो आणि सरसकट ऊस लावतो.

ज्यांच्या रानात जादा पाण्याने मीठ फुटले आहे, त्यांना सगळ्या भाज्या साधणार नाहीत. त्यांनी पालकापासून सुरुवात करावी, तो अशा जमिनीत इतरांपेक्षा बरा तग धरतो. त्या राना-मालकांना आम्ही आणखी काय सांगावे? पाटपाण्याने मोकाट भिजवलेल्या एकसुरी उसाचा परिणाम त्यांच्याइतका कुणी भोगलेला नाही.

बियाण्याबद्दल एक गोष्ट. संकरित वाणाचे बी घरी धरून पुढच्या वर्षी लावले, तर ते तसेच येत नाही. गावठी पावटा, घेवडा, वाल, दोडका यांचे बी येते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी घरच्या घरी अशी गावठी बियाणी जपली, वाढवली, वाटली. सरकारने त्यांना २०२० साली पद्मश्री दिली. कोरेगावचा वाघ्या घेवडा, आजऱ्याचा घनसाळ, मंगळवेढ्याची ज्वारी यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या गोष्टी आपल्या आज्या मडक्यात राख घालून ठेवत होत्या त्यांना आता दिल्लीचा शिक्का मिळतो आहे. आपल्या कार्यक्षेत्रातही कुठल्यातरी म्हातारीच्या उतरंडीत असे बी अजून असेल. ती आहे तोवर तिला जाऊन विचारावे.

भगिनींना एक सुचवावेसे वाटते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून प्लॅस्टिकचे डबे आणि वाट्या वाटतो. यंदा वाण म्हणून घरच्या बियाण्याची पुडी वाटून बघा. मूठभर पावटा, चिमूटभर चाकवत, चार बिया भोपळ्याच्या. पन्नास घरी गेलेल्या पुड्यांपैकी दहा जरी मातीत पडल्या, तरी गावात बी राहिले.

कारखान्यानेही बघत बसू नये. शेतकी खात्याने लागणीची नोंद घेताना सभासदाच्या हातात भाजीपाल्याच्या बियाण्याचे पाकीट द्यावे. रोपवाटिकेत उसाच्या रोपांबरोबर वांगी-मिरचीची आणि शेवग्याची रोपे ठेवावीत. आणि कामगारांच्या उपाहारगृहाला लागणारी भाजी बाहेरून न आणता सभासद भगिनींकडून घ्यावी. साखर ज्यांच्या उसाची, तिथली भाजीही त्यांचीच असावी. हा विषय आम्ही येत्या वार्षिक सभेत मांडणार आहोत. आपण साथ द्यावी.

जाता जाता आणखी एक. आपल्या फडात राबणाऱ्या तोडणीच्या टोळ्या दूरच्या कोरडवाहू तालुक्यांतून येतात. पहाटे अंधारात भाकरी थापून निघतात. त्या माणसांना गावात येऊन भाजी विकत घ्यावी लागते. आपल्या कोपऱ्यात दोन गुंठे माळवे असेल, तर कोपीवर एक पेंडी देताना आपल्याला काही कमी पडणार नाही. पूर्वीचे बागायतदार ते न सांगता करीत.

आता संक्रांत येईल. घरोघरी सुगडे पुजली जातील. त्या सुगडात आपण काय घालतो ते यंदा जरा नीट बघावे. हरभऱ्याचे घाटे, गव्हाच्या ओंब्या, बोरे, गाजर, शेंगा, तीळ, आणि त्यांच्यात उसाचे करवे. ऊस त्यात हवाच. त्याच्यावाचून सुगड पुरे होत नाही. पण नुसता ऊस भरून कुणी सुगड पुजलेले आम्ही पाहिलेले नाही. रानही तसेच ठेवावे, एवढेच आमचे सांगणे आहे.

जय सहकार!